रविवारचा रस्सा बुधवारी

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझं डायलिसिस कोल्हापुरात मंगळ-गुरु-शनि असं ठरलंय. म्हणजे शनिवारी सुया निघाल्या की थेट मंगळवार. तोवर पाणी आणि पोटॅशियम अंगात साठत जातं. आठवड्यातला सगळ्यात जपायचा काळ हाच, आणि आपला मटणाचा रविवार नेमका त्यात येतो. म्हणून घरात आता तांबडा-पांढरा बुधवारीच होणार. दुसऱ्या दिवशी डायलिसिस आहेच.

मटण सोडू नकोस. डायलिसिसमध्ये प्रथिनं जातात, ती भरून काढायला हवीत. फोडी खा, रस्सा चवीपुरता दोन चमचे. मीठ, पाणी आणि खोबऱ्याचं पोटॅशियम, सगळं त्या रश्श्यातच असतं. मीठ जास्त झालं की तहान लागते, आणि ती नुसत्या निश्चयाने मरत नाही, म्हणून आधी मीठ आवर. दिवसभराची लघवी अधिक अर्धा लिटर, एवढंच पाणी. चहा-ताक-आमटी त्यातच धरायची. १ लिटर म्हणजे वजनात १ किलो. तुझं वजन ५० किलो. डायलिसिसच्या चार तासांत मशीनवर अडीच लिटरच्या वर पाणी ओढायची वेळ आली की बीपी पडतो, पायांत गोळे येतात.

कमी सोडियमचं मीठ कुणी कौतुकाने दिलं तरी घेऊ नकोस, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळं, उसाचा रस, केळी, काकवी बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. आमटीत घालायचं नाही!

सोमवारी रात्री आडवं झाल्यावर दम लागला, हातपाय लुळे पडल्यासारखे वाटले किंवा छातीत ठोके चुकले, तर मंगळवारची वाट बघू नकोस. तडक दवाखाना, आणि आधी ईसीजी.

फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात धमनीला जोडलेल्या नसेवर, सकाळी आणि झोपताना बोटं ठेवून थरथर बघ. लागली नाही तर लगेच निघ. गुठळी लवकर निघाली तरच नस वाचण्याची आशा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट बांगड्या नाहीत. नर्स नवीन असेल तर तूच सांग, लाजू नकोस.

नोकरी सोडायची घाई करू नकोस गं. डायलिसिसची संध्याकाळ थकव्यात जाते, ती विश्रांतीला ठेव. सोमवार, बुधवार, शुक्रवार मात्र कामाचे आहेत, ते तुझेच राहू देत.

पुण्याहून निघताना अलीकडच्या डायलिसिसचे कागद, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट घे. हिपॅटायटिस बीच्या पेशंटचं मशीन वेगळं ठेवतात, म्हणून नवीन सेंटरवाले ते आधी मागतात. फोटो मलाही पाठव, इथे आधीच दाखवून ठेवते.

तुझी आई