गवती चहा लावू, पण तेल काढायचं कुठं?

संपादक महोदय,

सुगंधी वनस्पतींच्या शेतीवरचा आपला रविवारचा लेख वाचला, पटलाही, पण मेन गोष्ट राहूनच गेली. लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था १९५९ पासून यावर काम करतेय, गवती चहाची 'कृष्णा' जात तिचीच, आणि आपल्या शाहूवाडी-आजऱ्याकडं गवे नि डुकरं पीक ठेवत नाहीत तिथं हे गवत चालेलही. पण १०० किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम अर्धा-पाऊण किलो, मग ट्रॉली भरून पाला लांब न्यायचा तर डिझेलच अंगावर येणार की! जवळ डिस्टिलेशन युनिट, म्हणजे पाल्यातून वाफेनं तेल काढायचं यंत्र, नसताना लागवड म्हणजे कारखान्याशिवाय ऊस. कृषी विभागानं रोपं वाटण्याआधी युनिट कुठं बसवणार ते सांगावं.

– एक शेतकरी वाचक, आजरा (जि. कोल्हापूर)