गुरुवारचा सण रविवारी

मिलवॉकी, 30 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

आई, फोनवर तू टर्कीचं विचारत होतीस आणि मी घाईत होते. आता जेवणं झालीत, ओटा आवरलाय, निवांत लिहिते.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की पक्षी भाजून खायचा इथला आभाराचा सण, गुरुवारी झाला, पण माझी हॉस्पिटलात ड्युटी होती. तसाही यंदा तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मी घरी असते तरी त्या दिवशी मांसाहार झाला नसता. धाकटीने घट मांडला, रात्री मी आल्यावर आरती झाली. जावईबापू म्हणाले होते, मुलांना घेऊन मित्राकडे जेवून येतो. पण मुलंच तयार होईनात. आई असेल तेव्हाच जेवायचं म्हणाली.

बाबा, मला तुमच्या एसटीच्या जादा गाड्या आठवल्या. नरकचतुर्दशीला तुम्ही ड्युटीवरून येईपर्यंत आई उटणं भिजवायची नाही. गल्लीतल्या सगळ्यांचा फराळ उरकलेला असायचा आणि आपली पहिली अंघोळ तेव्हा सुरू व्हायची. तीच माझ्यासाठी खरी दिवाळी होती.

तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते. या सणाची तारीखही फिरलेली आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकनने 1863 साली, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. 1939 मध्ये रूझवेल्टने तो आठवडाभर अलीकडे आणला, व्यापाऱ्यांना नाताळच्या खरेदीसाठी जास्त दिवस मिळावेत म्हणून. काही राज्यांनी ते मानलं नाही, आणि एकाच देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी सण झाला. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो 1941 मध्ये.

आता स्वयंपाक. पक्षी बारा पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा. गोठलेली टर्की फ्रिजमध्येच सुटू द्यावी लागते, चार-पाच पौंडांना एक दिवस या हिशेबाने. बुधवारी फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवलेली शनिवारी संध्याकाळी मऊ झाली. आई, ती धुवायची नाही. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात, म्हणून इथे तसं बजावून सांगतात. नुसती कोरडी टिपून घेतली. मग कातडी न फाडता बोटं आत सरकवली आणि लोणी, आलं-लसूण, मीठ आणि तुझा कांदा-लसूण मसाला कालवून छातीवर, मांड्यांवर आतूनच चोळला. छातीत चरबी फार कमी, ती आधी कोरडी पडते. लोण्याने ती ओलसर राहते. रात्रभर मुरू दिली.

आज 325 फॅरनहाइटवर तीन तास भाजली. इथे शिजलं का ते तापमान मोजून ठरवतात. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, काटा 165 वर गेला, म्हणजे आपले 74 अंश सेल्सिअस, की झालं. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही, नाहीतर कापताना सगळा रस वाहून जातो. तो अर्धा तास मुलांना फार जड गेला! ट्रेमधल्या रसात मैदा भाजून ग्रेव्ही केली, पाव-सेलरीचं स्टफिंग वेगळ्या भांड्यात भाजलं.

क्रॅनबेरी मात्र आमच्या विस्कॉन्सिन राज्याची. देशातल्या निम्म्याहून जास्त इथेच पिकतात. काढणीच्या वेळी वाफ्यांत पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे कप्पे असतात, त्यामुळे ती वर तरंगतात आणि सगळं शेत लाल दिसतं. साखरेत शिजवताना त्या पटापट फुटतात. मी त्यात आलं आणि लाल तिखट घातलं. थोरल्याने ती चटणी भाताबरोबरही खाल्ली. हो, भात केलाच होता. तो नसता तर मलाच जेवल्यासारखं वाटलं नसतं.

जेवण्याआधी इथे प्रत्येकाने काहीतरी आभाराचं बोलायची पद्धत आहे. धाकटीने आजीच्या मसाल्याचं नाव घेतलं. आई, मला पुढे बोलवेना.

हाडं फ्रीझरमध्ये ठेवलीत. उद्या एकादशी, म्हणून बुधवारी त्यांचा पांढरा रस्सा करणार आहे. नारळाचं दूध आहे, खसखस आहे. एवढ्या हाडांना काजू आणि तीळ किती वाटून घालायचे ते कळव. मसालाही संपत आलाय. जावईबापूंचे मित्र जानेवारीत पुण्याहून येतील, त्यांच्याबरोबर पाठवता आला तर बघा. आणि बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या, पुढे ढकलू नका.

तुमची लेक