मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : सत्कार नंतर, आधी स्पर्धा

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

जुलै २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाला राज्याने ११ कोटी रुपये जाहीर केले. तेव्हा मुंबईचा बॅडमिंटनपटू चिराग शेट्टी याने उघड नाराजी व्यक्त केली. २०२२ चा थॉमस कप, म्हणजे पुरुष बॅडमिंटन संघांचा विश्वचषक, जिंकणाऱ्या भारतीय संघात तोही होता आणि त्याला राज्याकडून रोख काहीच मिळाले नव्हते. तक्रार रास्तच होती. पण चिरागचे किमान ऐकून तरी घेतात. जागतिक क्रमवारीत दोनशे-तीनशेच्या घरात अडकलेल्या मुलामुलींचे कोण ऐकणार?

वरच्या स्पर्धांत पैसा आहे. दिल्लीच्या इंडिया ओपनची २०२५ ची बक्षीस रक्कम साडेनऊ लाख डॉलर होती आणि एकेरीच्या विजेत्याला त्यातले सात टक्के मिळाले. खाली उतरा. वर्ल्ड टूर या जागतिक स्पर्धामालिकेतल्या सर्वांत खालच्या सुपर १०० पातळीवर एकूण रक्कम लाखभर डॉलर, आणि पहिल्या फेरीत हरलात तर हाती शून्य. त्याखालच्या इंटरनॅशनल चॅलेंजमध्ये पंधरा-सतरा हजार डॉलर, तेही एकेरी, दुहेरी, मिश्र अशा पाच प्रकारांत वाटून. परदेशातल्या अशा स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली तरी विमानाचे तिकीट सुटत नाही.

खरी मेख क्रमवारीत आहे. मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. ज्याच्या घरी ऐपत आहे तो वर्षाला वीस स्पर्धा खेळतो आणि वाईट दहा आपोआप गळतात. ज्याला सहाच परवडतात, त्याच्या सहाही मोजल्या जातात आणि चार जागा रिकाम्या राहतात. मग क्रमवारी खालची म्हणून मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही, प्रवेश नाही म्हणून गुण नाहीत. मी जिल्ह्यात प्रशिक्षण देतो. मनगटात जादू असलेली पोरे या चक्रात खेळ सोडून नोकरीला लागताना पाहिली आहेत.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घरची स्पर्धा. लखनौ, गुवाहाटी आणि कटक इथे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर सलग तीन आठवडे वर्ल्ड टूरच्या स्पर्धा होतात. त्या यादीत महाराष्ट्र नाही. १९५६ मध्ये परदेशी विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय नंदू नाटेकर सांगलीचे, आजची खेळाडू मालविका बनसोड नागपूरची. २००८ ची जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात झाली, सायना नेहवाल तिथेच जिंकली. मग अडते कुठे?

पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात एक सुपर १०० आणि लागूनच्या आठवड्यात नागपूरला एक इंटरनॅशनल चॅलेंज व्हावी, यासाठी राज्याने भारतीय बॅडमिंटन संघटनेकडे आर्थिक हमीसह प्रस्ताव द्यावा. त्या ११ कोटींतून सुपर १०० ची बक्षिसे दहा वर्षे भागली असती! (आयोजनाचा खर्च वेगळा, मान्य.) बक्षिसाची वाटणी जागतिक महासंघ ठरवतो, तिला हात लावता येणार नाही. पण पात्रता फेरी खेळणाऱ्या राज्यातल्या खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय आणि शटलचा खर्च शासन उचलू शकते. पिसांच्या शटलचे भाव अलीकडे कुठे गेले आहेत, हे कोणत्याही पालकाला विचारा.

लीगचा पर्याय मात्र कृपया पुढे करू नका. प्रीमियर बॅडमिंटन लीग २०२० नंतर झालेली नाही, आणि तिथेही लिलावात नाव निघालेल्यांचेच भागत होते.

येत्या अर्थसंकल्पात या दोन स्पर्धांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

आपला,
एक जिल्हास्तरीय बॅडमिंटन प्रशिक्षक