जोडकेळं खाल्लं म्हणून जुळी?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुळ्यांवरचा लेख वाचला, फोटो छान होते पण मुद्द्याची गोष्ट राहिलीच. माझ्या मुली जुळ्या, एक उंच सावळी, दुसरी बुटकी गोरी, त्यामुळे "अगंबाई, जुळ्या वाटतच नाहीत" हे 12 वर्षं ऐकतेय, वर सासूबाईंचं ठाम मत की मी जोडकेळं खाल्लं म्हणून! अहो, ते केळं सातव्या महिन्यात खाल्लं, सोनोग्राफीत दोघी कधीच दिसल्या होत्या.

एका महिन्यात दोन बीजं सुटली आणि दोन्हींना वेगवेगळे शुक्राणू मिळाले की अशी जुळी होतात, म्हणजे साधी भावंडंच, फक्त पोटात एकत्र वाढलेली, एक मुलगा एक मुलगी पण चालतं. हुबेहूब जुळ्यांचं वेगळं, तिथे बीज एक, शुक्राणूही एकच, आणि तयार झालेला गर्भ पहिल्या दोनेक आठवड्यांत दुभंगतो. पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगला तर वार (बाळाला पोटात पोसणारी, प्लासेंटा) सुद्धा दोन, नंतर दुभंगला तर सहसा एकच, म्हणून दोन वारा दिसल्या की हुबेहूब नाहीत असं लगेच ठरवू नका. बोटांचे ठसे मात्र त्यांचेही वेगळेच.

आणि हो, दोन बीजं सुटायची सवय आईच्या माहेरून येऊ शकते, माझ्या मावशीलाही जुळीच आहेत, सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

– जुळ्यांची आई, पुणे