भुसावळच्या दादांना, सिंबलसाठी मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडत नाही हे माहितीये, पण हे सगळ्यांसमोर लिहायचंच होतं. काल रात्री दोन वाजता माझ्या मेटल गाण्याचा (ड्रम सगळे सॉफ्टवेअरवर वाजवलेले) शेवटचा मिक्स काढला आणि सकाळी उठून परत ऐकला, आणि पहिल्यांदा असं झालं की क्रॅश (ड्रमकिटमधली जोरात वाजणारी झांज, म्हणजे सिंबल) आला तेव्हा माझा हात आवाज कमी करायला गेला नाही.

तुम्हाला आठवत असेल, मार्चमधे मी जळगावहून पॅसेंजरनं लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे आलो होतो तेव्हा काय अवस्था होती. गिटार छान, किक (पायानं वाजतो तो ड्रम) छान, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) छान आणि वरती सिंबल म्हणजे नुसता पत्रा. सहा महिने मी सॅम्पल पॅक (रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांचे संच) बदलत होतो, पैसे भरून एक ऑनलाइन कोर्सपण केला, त्यात सांगितलं की ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक) ६०० हर्ट्झच्या खालून कापा आणि ८ किलोहर्ट्झला वाढवा, तेच डोळे झाकून करत होतो. तुम्ही गाणं एकदाच ऐकलं, काहीच बोलला नाहीत, आणि मिडीची विंडो, जिथं प्रत्येक ठोक्याचा जोर आकड्यात दिसतो, ती उघडायला लावली. सगळे क्रॅश १२७ वर, म्हणजे पूर्ण जोरात. मग विचारलंत, "हा जो वाजवून राहिला भो, त्याला हात किती?" मी मोजलं तर दोन ठिकाणी स्नेअर, चायना आणि ओपन हॅट (ह्या दोन्ही सिंबलच) एकाच वेळी काठीनं वाजत होते, म्हणजे तीन हात.

तुम्ही दाखवलं की व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) १२७ ठेवली की सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सगळ्यात वरच्या लेयरमधलीच तीचती दोनचार सॅम्पल फिरवतं, मग आठ क्रॅश ओळीनं आले की मशीनगन झालीच समजा, आणि कानाला आधी तेच बोचतं, ईक्यूचा (आवाजातले पट्टे कमी-जास्त करण्याचा) नंबर फार नंतर लागतो. मी घरी येऊन अख्ख्या गाण्यातला एकेक क्रॅश हातानं बदलला. सेक्शनचा पहिला ठोका ११५ च्या आसपास, मधले ९० ते १०५, आणि ब्लास्ट बीटमधे (अतिवेगवान ठेक्यात) तर अजून खाली, कारण २१० च्या टेम्पोला माणूस हात वर उचलेल कधी आणि मारेल कधी. एकाच ४९ नंबरच्या नोटवर सगळं होतं ते ४९ आणि ५७ अशा दोन क्रॅशवर डावं-उजवं वाटून दिलं. ह्या कामाला तीन रात्री गेल्या आणि एवढ्यानंच निम्मा पत्रा गेला, एकही प्लगइन न लावता.

पण खरी गोष्ट टाळांची. तुम्ही आतून वडिलांचे भजनी टाळ आणले, हे कास्याचे आहेत म्हणालात, कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि चांगल्या क्रॅशचा बी-२० धातूपण तोच, ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. मग मला एकदा तोंडाला तोंड दाबून वाजवायला लावलं आणि एकदा काठाला काठ लावून, आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐक म्हणालात, आवाज पूर्ण विरेपर्यंत मधे बोलायचं नाही. मी लहानपणापासून दिंडीत टाळ ऐकतोय, मुक्ताईची पालखी दरवर्षी बघतो, पण टाळाचा आवाज ठोक्यानंतर फुलतो हे मला त्या दिवशी समजलं. मी आजवर फक्त ठोका मिक्स करत होतो. ठोक्यानंतरचं जे आहे ते कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप खाली आणणारं साधन) दाबून टाकत होता, प्रत्येक किकला सिंबल खाली बसत होते आणि परत वर येत होते, आणि मी त्यालाच मेटलचा साउंड समजत होतो.

म्हणून आता सिंबलना ड्रमच्या त्या जोरदार कंप्रेशनमधून बाहेर काढलंय, वेगळी बस (मिक्समधला वेगळा मार्ग) केलीये. ८ किलोहर्ट्झचं वाढवणं पूर्ण काढलं, उलट साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास अडीच डीबी कमी केलं. ओव्हरहेडचा कट ३५० वर आणला, त्यामुळे स्नेअर आणि टॉमचं अंग परत त्याच्यात आलं आणि सिंबल किटच्या वर लटकलेले वाटत नाहीत, किटमधले वाटतात. रूम माइक (खोलीचा आवाज पकडणारा) मी कायम बंद ठेवायचो, तो थोडासा उघडला. चायना मात्र अजून जरा टोचतो, त्याचा क्लोज माइक (अगदी जवळचा) खाली घेऊन बघणारे.

आणि एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात पण मला फार धीर देऊन गेली. मी म्हणालो होतो की जळगावात खरं किट रेकॉर्ड करायला जागा नाही, आपण सॉफ्टवेअरवालेच राहणार, तेव्हा तुम्ही सांगितलं की मेशुगासारख्या नावाजलेल्या मेटल बँडनं २००५ च्या अल्बमचे ड्रम प्रोग्रॅमच केले होते, आणि ती सॅम्पलं त्यांच्याच ड्रमरनं वाजवलेली होती. दादा, ४४ डिग्रीत, लाईट गेलेली, तुम्ही रात्रपाळी करून आलेले, तरी चार तास बसलात माझ्यासोबत, आणि वर वहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकर खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. पैशांचा विषय काढला तर रागावलात. त्यांनापण माझा नमस्कार सांगा.

गाणं आज संध्याकाळी पाठवतो. दुसऱ्या ब्रेकडाउननंतर (गाणं संथ आणि जड होतं त्या भागानंतर) मी शेवटचा क्रॅश पूर्ण विरेपर्यंत सोडलाय, खाली काहीच वाजत नाही, तेवढं हेडफोन लावून ऐका. आणि तुमचे टाळ अजून माझ्याकडेच आहेत, रविवारी सकाळच्या गाडीनं घेऊन येतो.