परसातल्या कोंबड्यांचं पाणी उघडं नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या रविवारी परसातल्या कुक्कुटपालनावर लेख आला. पिल्लं कोणती घ्यावीत, खाद्य किती, लसी कधी टोचाव्यात, गावरान अंड्याला भाव काय मिळतो, सगळं नीट दिलं होतं. पाण्याविषयी मात्र ‘स्वच्छ पाणी द्यावे’ एवढंच एक वाक्य. ते द्यायचं कसं, तिथेच तर घरोघरी अडतं. म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या मखमलाबादला राहते. घरामागे गावरान आणि गिरिराज या सुधारित जातीच्या मिळून वीसेक कोंबड्या आहेत. आमच्या बचत गटातल्या बहुतेक जणींकडे आठ-दहा तरी असतातच. कुणाच्याही परसात डोकावा, पाण्याला जर्मनचं जुनं पातेलं नाहीतर चेपलेलं घमेलं ठेवलेलं दिसेल. सकाळी भरलेलं पाणी न्याहारीच्या वेळेपर्यंत गढूळ होतं. कोंबडी उकरते ती माती त्यात उडते, चोचीला चिकटलेला भरडा त्यात सुटतो, काठावर चढून ती तिथेच शिटते आणि मग बाकीच्या सगळ्या त्याच पाण्यात चोची बुडवतात. सांडलेल्या पाण्यानं खालचा भुसा ओला राहतो. रक्ती हगवणीला असाच ओलावा लागतो, आणि ती हाताशी आलेल्या तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांचा, घास घेते. औषध आहे, पण ओला भुसा तसाच ठेवून औषध पाजण्यात काय अर्थ आहे?

शिवाय त्या पातेल्यावर चिमण्या, साळुंक्या, कावळे येतात. रानपाखरांच्या विष्ठेतून मानमोडी म्हणजे राणीखेत रोग येऊ शकतो, बर्ड फ्लूही येऊ शकतो. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पाणी झाकल्यानं रोगाच्या सगळ्या वाटा बंद होत नाहीत हे खरं, पण ही एक वाट आपल्या हातात आहे.

मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी हे कधीच ओळखलं. त्यांच्यातल्या अनेकांच्या शेडमध्ये उघडं भांडं दिसत नाही, पाइपला खालून निपल लावलेले असतात. निपल म्हणजे करंगळीएवढी तोटी, तिच्या टोकाला स्टीलची पिन. कोंबडीनं पिन टोचली की थेंब सुटतो, चोच काढली की बंद. हेच वीस कोंबड्यांच्या खुराड्यात का नको? नाशिकला तर हे कुणी शिकवायचीही गरज नाही. द्राक्षबागेमुळे इथल्या घराघरांत ठिबक जोडणारी माणसं आहेत. ग्रोमेट, एंड कॅप, टेफ्लॉन टेप हे शब्द आमच्या शाळकरी पोरांना पाठ आहेत.

आठ-दहा कोंबड्या असतील तर पाइपसुद्धा नको. झाकणाची जाड बादली घ्यावी, तिच्या बुडालाच निपल बसवावेत आणि बादली टांगावी. जास्त असतील तर बादलीपासून पाऊण इंची पीव्हीसी पाइप आडवा काढून त्याला खालच्या अंगानं निपल लावावेत. छिद्र निपलच्या आट्यांपेक्षा किंचित बारीक पाडायचं, म्हणजे आटे प्लॅस्टिकमध्ये स्वतःच जागा करतात. आट्यांवर टेफ्लॉनचे दोन वेढे दिले की गळत नाही. पाइप पाणसळीत असावा. शेवटच्या टोकाला बुचाऐवजी छोटा कॉक लावला तर आतला गाळ झटकन काढता येतो. चार-पाच कोंबड्यांना एक निपल पुरतो, पण कोंबड्या चारच असल्या तरी निपल दोन हवेत. एक तुंबला तर दुसरा चालू राहतो, आणि दांडगी कोंबडी एकाच ठिकाणी ठाण मांडून इतरांना हुसकावू शकत नाही.

गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट जोडू नका. त्या दाबानं निपल सतत ठिबकतात, नाहीतर पिन इतकी घट्ट बसते की कोंबडीला हलत नाही. बादली निपलपासून हात-दीड हात उंच असली की पुरे. बादलीचं झाकण घट्ट लावलं तर आत हवा शिरत नाही आणि थोडं पाणी गेलं की निपल कोरडे पडतात. म्हणून झाकणाला बारीक छिद्र हवं, आणि छिद्रावर मलमलचा तुकडा बांधलेला हवा. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात, हे पावसाळ्यानंतर नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

उंची हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोंबडी ताठ उभी राहिली की निपल तिच्या डोक्याच्या जरासा वर असावा, मान वर करून तिनं खालून टोचावं. खाली लावला तर ती बाजूनं चोच मारते, अर्धं पाणी भुशात जातं आणि सगळा खटाटोप वाया जातो. लहान पिल्लांना सुरुवातीला डोळ्याच्या रेषेत ठेवावा आणि ती वाढतील तसा वर घ्यावा. बदकांना मात्र ही सोय चालत नाही, त्यांना नाकपुड्या धुवायला चोच बुडेल एवढं भांडं लागतंच.

‘आमच्या कोंबड्या शिकणार नाहीत’ असं पुष्कळ जणी म्हणतात. शिकतात. सकाळी दारं उघडायच्या वेळी त्या तहानलेल्या असतात, तेव्हा पातेलं समोर नसावं. बोटानं पिन हलवून थेंब लोंबता ठेवावा. माझी तांबडी कोंबडी आधी मान वाकडी करून एका डोळ्यानं त्या चकाकीकडे बघत राहिली. मग तिनं टोच मारली, थेंब चोचीवरून घशात उतरला तशी मान वर केली आणि लगेच दुसरी टोच. मागच्या दोघी हे टक लावून बघत होत्या. त्यांना मला काही दाखवावं लागलं नाही. संध्याकाळी मात्र प्रत्येकीवर नजर ठेवावी आणि एखादी पिताना दिसली नाही तर तिला भांड्यातून पाणी द्यावं. सवयीचा हा काळ कडक उन्हात येऊ देऊ नये. शिवरात्रीच्या सुमाराला सुरू केलं की एप्रिलपर्यंत कळप सरावलेला असतो.

कारण उन्हाळ्यात गाठ पाण्याशीच आहे. अंड्यात जवळपास पाऊण हिस्सा पाणी असतं. अंडी देणारी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, पारा चाळिशीला गेला की त्याच्या दुप्पट. तिला घाम येत नाही. चोच उघडी टाकून ती धापा टाकते आणि त्यातून अंगातलं पाणी जातं. एप्रिलात द्राक्षाच्या खरड छाटणीला घरची सगळी माणसं बागेत असतात. अशा दुपारी पातेलं लवंडलं तर संध्याकाळी खुराड्यात काय दिसतं, ते आमच्या गटात अनेकींनी पाहिलंय. झाकलेली वीस लिटरची बादली लवंडत नाही. फक्त ती आणि पाइप सावलीत हवेत, वरून ओलं गोणपाट टाकावं. उन्हानं तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही.

निपलचा एक धोका स्पष्ट सांगते. पातेलं रिकामं झालं तर दिसतं, तुंबलेला निपल दिसत नाही. रोज सकाळी प्रत्येक पिन बोटानं हलवून बघायचीच, त्यात सूट नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार पिनेवर पांढरे साचतात. ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल पाण्यात विरघळवून रात्री कोंबड्या कोंडल्यावर पाइपमध्ये भरून ठेवावं आणि पहाटे कॉक उघडून स्वच्छ धुऊन काढावं. गुळाचं पाणी, व्हिटॅमिन यांनी पाइपमध्ये बुळबुळीत थर धरतो, ते वेगळ्या भांड्यात तास-दोन तास देऊन भांडं उचलावं. मानमोडीवरची लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हाही भांडंच वापरावं आणि त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर अजिबात नको, लस मरते. थोड्याच कोंबड्या असतील तर डोळ्यात थेंब घालणं सगळ्यात उत्तम.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. पिल्लांचं वाटप जिथे जिथे होतं, तिथे लसीच्या कार्डाबरोबर ही जोडणी अर्धा तास प्रत्यक्ष दाखवावी. आणि आपल्या भागातल्या ठिबक दुकानदारांनी सुटे निपल ठेवावेत. शंभराचं पाकीट घेऊन दहा कोंबड्यांची बाई काय करणार? आम्ही गटानं एक पाकीट आणून वाटून घेतलं, पण प्रत्येकीला गट नसतो. कुणाला जोडणी डोळ्यांनी बघायची असेल तर आमच्या परसात खुशाल यावं, पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे.

आपली नियमित वाचक,
बचत गटाची एक सदस्य, मखमलाबाद, नाशिक