खिडकी मिटली तरी दुर्बीण चालत राहते : काकांना आभाराचं पत्र

सातारा

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ‘काका’. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. यवतेश्वरच्या पठारावर किंवा गावातल्या एखाद्या गच्चीवर दुर्बीण लावायची आणि तिच्यावर बसवलेला तळहाताएवढा संगणक खाली बसून टॅबवरून चालवायचा, हे करू पाहणारे आता साताऱ्यात बरेच आहेत. तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं.

सगळ्यात आधी आभार तुमच्या एका वाक्याचे : “टॅब ही खिडकी आहे, कारखाना दुर्बिणीपाशी आहे.” काम दोन तऱ्हांनी करता येतं. एक, रास्पबेरी पायवर (हाच तो तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) फक्त इंडी सर्व्हर, म्हणजे उपकरणांशी बोलणारा प्रोग्रॅम, ठेवायचा आणि केस्टार्स (आकाशाचा नकाशा) व एकॉस (फोटोंची मालिका चालवणारा) हे प्रोग्रॅम खालच्या लॅपटॉपवर चालवायचे. दोघांचं बोलणं पोर्ट ७६२४ वरून होतं. दुसरी, सगळं पायवरच चालवायचं आणि व्हीएनसीने, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा पडदा दूरून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, फक्त त्याचा पडदा बघायचा. पहिली तऱ्हा दिसायला नेटकी आहे. पण १६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची १६ बिटची एक चौकट साधारण ३२ एमबी होते. वायफाय सेकंदाला ४० मेगाबिट देत असेल तर ती खाली यायला साडेसहा सेकंद लागतात, आणि मधेच लॅपटॉप झोपला की त्या रात्रीची मालिकाच तुटते. दुसऱ्या तऱ्हेत टॅबची बॅटरी संपली, वायफाय गेलं, तरी वर गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सावरणं) चालू राहतं आणि फोटो पायला जोडलेल्या एसएसडीवर साठत जातात. पुन्हा जोडलं की पडदा होता तसाच समोर. तुम्ही दुसरीच तऱ्हा धरायला लावलीत आणि आता आम्ही प्रत्येकाला तीच सांगतो.

दुसरे आभार विजेबद्दल. इथे तुमच्या हाताची उभ्या आयुष्याची दुरुस्तीची सवय दिसली. कॅमेरा मधेच गायब होतो, माउंटचं (दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राचं) कनेक्शन तुटतं, तेव्हा सगळे ड्रायव्हर बदलत बसतात. तुम्ही आधी मीटर लावलात. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा, पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की यंत्र ‘अंडर व्होल्टेज’ची नोंद करतं आणि स्वतःचा वेग कमी करतं. त्याआधी किंवा त्याच सुमाराला यूएसबीवरची उपकरणं सटकायला लागतात. आणि हे व्होल्टेज जातं कुठे, तर वायरीत. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार, म्हणजे ०.३४ ओहम. २ अँपिअर वाहिले की ०.६७ व्होल्ट वाटेतच संपले. अडॅप्टरपाशी ५.१ दाखवणारा मीटर पायच्या तोंडाशी ४.४ दाखवतो. अडॅप्टर कितीही चांगला घेतला तरी हे चुकत नाही.

म्हणून तुमची जोडणी : तिपाईपर्यंत १२ व्होल्टच न्यायचे, १८ गेजच्या तारेने, फ्यूज घालून. तिथे, पायपासून वीतभर अंतरावर, ५.१ व्होल्टला लावलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारी छोटी पाटी). माउंट, थंड करायचा कॅमेरा आणि दवपट्टी (भिंगावर दव बसू नये म्हणून तापणारी पट्टी) यांना १२ व्होल्ट थेट. आमचा सगळा संच सरासरी ४ अँपिअर खातो, आठ तासांना ३२ अँपिअर-अवर. लेड अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणून ती ६५ अँपिअर-अवर किंवा त्याहून मोठीच घ्यावी, हा हिशेब तुम्ही कागदावर मांडून दिलात. टर्मिनलवर व्हीसीजेनकमांड या पायच्याच आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारायचं हेही तुमचंच. उत्तर नुसतं शून्य आलं तर सगळं ठीक. ५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी वीज खाली गेली होती, आणि ५०००५ आलं तर ती आत्ता या क्षणीही कमी आहे. नवी केबल लावली की पहिली तपासणी हीच करायची आणि ती दवपट्टी व कॅमेरा दोन्ही चालू ठेवून करायची. रिकाम्या यंत्रावर सगळंच बरोबर दिसतं.

मॉनिटर नसताना पडदा न दिसण्याचा घोळ तर घरोघरी आहे. पायला एचडीएमआय जोडलेलं नसेल तर ते पडदा तयारच करत नाही. मग व्हीएनसी जोडलं जातं, पण ‘डेस्कटॉप दाखवता येत नाही’ एवढंच म्हणतं किंवा चिमुकला पडदा देतं. तुम्ही दोन उपाय दिलेत. सोपा उपाय म्हणजे मॉनिटर जोडलाय असं भासवणारा डमी एचडीएमआय प्लग, आणि तो वीजपुरवठ्याच्या शेजारच्या खाचेतच लावायचा, कारण पहिला पडदा तोच. दुसरा उपाय, बूटच्या फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाइलीत पहिल्या एचडीएमआयसाठी १९२० बाय १०८० चा पडदा सक्तीने चालू ठेवण्याची सूचना घालायची. ती फाइल एकाच ओळीची असते. सूचना त्याच ओळीच्या शेवटी, जागा सोडून लिहायची. एंटर दाबून खालच्या ओळीवर लिहिली तर ती वाचलीच जात नाही. टॅबवर अक्षरं बारीक वाटली तर १२८० बाय ७२० ठेवावं, पण एकॉसच्या काही चौकटी त्यात मावत नाहीत. आमचं मत १९२० चंच.

जुन्या पद्धतींवर विसंबू नका असं तुम्ही म्हणालात त्याचं कारणही सांगितलंत, हे फार बरं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅमकडे गेला आणि पडदा वेलँड या नव्या व्यवस्थेवर गेला. त्यामुळे हॉटस्पॉट उभारायच्या जुन्या कृती तिथे अडखळतात. आता एनएमसीएलआय या नेटवर्क मॅनेजरच्या आज्ञेला वायफाय हॉटस्पॉट काढायला सांगितलं, नाव आणि पासवर्ड दिला, की झालं. वायफायचा देश म्हणून भारत नोंदवलेला असायला हवा, नाहीतर रेडिओ बंदच राहतो. हॉटस्पॉटवर पायचा पत्ता १०.४२.०.१ असतो. तो कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा, हे तुमचं सांगणं आम्ही अक्षरशः पाळलंय, कारण ‘डॉट लोकल’ने संपणारी नावं जुन्या अँड्रॉइड फोनना कळत नाहीत. घरच्या वायफायला स्वयंजोडणीत वरचा क्रमांक आणि हॉटस्पॉटला खालचा दिला, की गच्चीवर यंत्र सुरू होताना आपोआप घरच्या जाळ्यात जातं आणि यवतेश्वरला स्वतःचं जाळं उभं करतं. वायफायची वीजबचतही बंद करायची. ती चालू असली की व्हीएनसी दर थोड्या वेळाने गोठतं आणि दोष टॅबला दिला जातो.

फोनचा एक हट्ट लक्षात ठेवायला हवा. हॉटस्पॉटवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो आणि व्हीएनसी तुटतं. वायफायचं चिन्ह मात्र तसंच असतं. मोबाईल डेटा बंद करायचा, किंवा फोन विचारेल तेव्हा याच जाळ्यावर राहायचं म्हणून सांगायचं.

यूएसबी ३ आणि २.४ गिगाहर्ट्झ वायफाय यांचं वैर तुम्ही ज्या तऱ्हेने उलगडलंत ती तऱ्हाच शिकण्यासारखी होती. कॅमेरा फोटो उतरवतानाच जोडणी जाते, एरवी नाही, एवढ्यावरून तुम्ही ओळखलंत. यूएसबी ३ च्या केबलमधून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्यायचा, केबल चांगल्या आवरणाची आणि आखूड घ्यायची, आणि पाय लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बंद डबीत ठेवायचा नाही. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं, त्यामुळे गच्ची आणि खालची खोली यांच्यामध्ये स्लॅब असेल तर वायफायचा नाद सोडून सरळ कॅट ६ केबल टाकावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. वळवाच्या दिवसांत, चैत्र-वैशाखात ढग गडगडायला लागले की ती दोन्ही टोकांनी काढून ठेवावी.

आता घड्याळ. काका, या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर ते मागच्या वेळी बंद झालं त्या क्षणापासून पुढे मोजायला लागतं. आकाश तासाला १५ अंश फिरतं. घड्याळ एक तास मागे असेल तर दुर्बीण चंद्राच्या तीस रुंदींइतकी चुकीच्या जागी जाऊन उभी राहते आणि पडद्यावर सगळं बरोबर असल्याचं लिहून येतं. अर्ध्या तासाची चूक आपल्याकडे वेगळ्याच वाटेने शिरते : माउंटच्या हँड कंट्रोलरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) जागतिक वेळेपासून साडेपाचऐवजी पाच किंवा सहा तासांचा फरक भरला जातो. डेलाइट सेव्हिंग चालू राहिलं तर चूक पूर्ण तासाची. तुम्ही डीएस ३२३१ चं घड्याळ बसवून दिलंत, पिन १, ३, ५ आणि ९ वर, ३.३ व्होल्टवर. पाचवर का नाही तेही समजावलंत : त्या पाटीवर बहुधा चार्जिंगची वाट असते आणि साधा सीआर २०३२ सेल चार्ज करणं धोक्याचं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. मग एकॉसमध्ये वेळ आणि ठिकाण कोणी कोणाला द्यायचं हे एकदाच ठरवायचं. आम्ही केस्टार्सकडून सगळ्या उपकरणांना देतो. साताऱ्याचे आकडे १७ अंश ४१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५९ मिनिटं पूर्व.

याच अक्षांशामुळे इथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम पावणेअठरा अंशांवर असतो. माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटू शकतो. समोर उभं राहून चालवताना हे दिसतं, खालच्या खोलीतून दिसत नाही. तिपाईच्या दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला ठेवायची आणि दुर्बीण पहिल्यांदा दूरून चालवण्याआधी तिला सगळ्या दिशांना एकदा शेजारी उभं राहून फिरवून बघायचं, हा तुमचा नियम आम्ही मोडत नाही. याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ती उलटते तेव्हा केबल अडकते का, हेही तेव्हाच बघायचं.

माउंट आणि फोकसर (फोकस जुळवणारी मोटर) दोन्ही यूएसबी-सिरियलवर असले की आज एकाचं नाव शून्य क्रमांकाचं पोर्ट, उद्या दुसऱ्याचं. क्रमांकाऐवजी उपकरणाच्या ओळखीचा कायमचा रस्ता द्यायचा, तो ‘सिरियल’ फोल्डरमधल्या ‘बाय आयडी’त सापडतो. आपला वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर पोर्ट उघडतच नाही. उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० चिप असलेली केबल दिसून लगेच नाहीशी होते, कारण ब्रेल पाटीचा प्रोग्रॅम ती स्वतःची समजून घेतो. ती पाटी वापरात नसेल तर तो काढून टाकावा. प्लेट सॉल्व्हच्या (फोटोतले तारे ताडून दुर्बीण नेमकी कुठे वळली आहे ते ओळखण्याच्या) निर्देशांक फाइली घरीच, इंटरनेट असताना उतरवायच्या. ४०० मिमीच्या दुर्बिणीवर आमच्या कॅमेऱ्याची चौकट अडीच अंश बाय १.९ अंश येते, तेव्हा त्या मापाच्या एक दशांशापासून पूर्ण मापापर्यंतच्या फाइली पुरतात.

घरापासून लांबून, दुसऱ्या गावातून चालवायची झाली तर राउटरवर ५९०० (व्हीएनसीचा) किंवा ७६२४ (इंडीचा) हे पोर्ट उघडायचे नाहीत, हे तुम्ही दोनदा बजावलंत. इंडी सर्व्हरला पासवर्डच नाही. ज्याला पत्ता सापडेल तो दुर्बीण फिरवू शकतो, आणि दिवसा ती सूर्याकडे वळली तर कॅमेरा गेला. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखी खासगी, सुरक्षित जोडणी लावायची, सकाळी दुर्बीण पार्क करून झाकण लावायचं, माउंटची वीज तोडायची. पायची वीज मात्र आधी ‘पॉवरऑफ’ देऊन, हिरवा दिवा शांत झाल्यावरच. तशीच खेचली की कधीतरी मेमरी कार्डावरची फाइलव्यवस्था बिघडते. दुसरं तयार कार्ड डबीत असावं म्हणून तुम्ही त्याची नक्कल करून दिलीत, ती आम्ही जपून ठेवली आहे.

आता पावसाळा सरून आकाश उघडेल. डिसेंबरात मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, आणि मे महिन्यात नरतुरंगातला ओमेगा गुच्छ, जो इथून दक्षिणेला पंचवीसेक अंश वर येतो. त्या दिवसांत तुम्ही एकदा खोलीत आमच्याशेजारी बसून टॅबवर बघावं, अशी फार इच्छा आहे. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणता. इथे जिना चढायचं कामच उरलेलं नाही, ते तुम्हीच तसं करून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपले,
साताऱ्यातले आकाश बघणारे